चिपळूणचं ‘अमिगो’ आणि तू

नफिसा,

तुला इथेच, मस्कतच्या कडेला अमेरातच्या कब्रस्तानात नेलं, तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी होते. पुरुष तुला घेऊन जिना उतरले, बायका घरात राहिल्या. तुझी नणंद मला म्हणाली, "चहा ठेव ना सुमा, तुला सगळं कुठे आहे ते माहीत आहे." खरंच माहीत होतं. साखर कुठल्या डब्यात, वेलची कुठे लपवलेली, कुठल्या कपाचा कान तुटलाय. पंचवीस माणसांचा चहा केला आणि मी एकदाही रडले नाही. समोर खिडकीतून ते उघडेबोडके तपकिरी डोंगर दिसत होते. त्यांच्याकडे बघून तू एकदा म्हणाली होतीस, "सुमे, हा अमेरात म्हणजे पातेला हाय. चारी बाजूंनी काठ, आन् आपण तळाला." आता तू त्या तळालाच राहिलीस.

बावीस दिवस झाले. लोक अजून भेटायला येतात आणि तू किती चांगली होतीस ते सांगतात. मी ऐकून घेते. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. ते तुझं आहे, म्हणून तुलाच लिहिते.

अमिगोपासून सुरुवात करते. आपलं काहीही तिथूनच सुरू व्हायचं.

आपल्या चिपळुणात मेक्सिकन हॉटेल होतं, हे इथे मस्कतमध्ये कुणालाही सांगितलं की माणसं हसायची. विनयला तर लग्नानंतर दोन वर्षं वाटत होतं की मी थापा मारते. हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर, लोखंडी जिना चढून जायचं. सहा टेबलं. मालक दिनूमामा वीस वर्षं बोटीवर भटारखान्यात होते. तिथे त्यांच्या खालच्या बंकवर एक मेक्सिकन आचारी झोपायचा, त्याच्याकडून ते हे सगळं शिकून आले. सगळं गाव म्हणालं, दिनू, माशाची थाळी लाव, चार पैसे मिळतील. मामा म्हणाले, मासे तुमच्या घरी आहेतच की. आणि त्यांनी अमिगो काढलं. बोर्ड रंगवणाऱ्यानं जन्मात मेक्सिकन माणूस पाहिलेला नव्हता. त्यानं मोठी टोपी काढली, पण टोपीखालचा चेहरा हुबेहूब आपल्या पोस्टमनचा. आपले पोस्टमनकाका शेवटपर्यंत त्या बोर्डाखालून मान खाली घालून सायकल हाणायचे.

बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आपण पहिल्यांदा तो जिना चढलो. मक्याच्या पिठाची ती कुरकुरीत टोपी, आत राजमा, कोबी, वर ती हिरवी चटणी. पहिल्याच घासाला टोपी फुटली आणि तुझ्या पांढऱ्या ओढणीवर राजमा सांडला. "आता घरी काय सांगू?" म्हणून तू रडकुंडीला आलीस. मामांनी आतून लिंबू आणलं, ओढणीचं टोक हातात घेऊन स्वतः डाग घासत बसले आणि म्हणाले, "पोरी, हे खाताना सांडलं नाही तर ते खाल्लंच नाही असं समजायचं."

तू तिथे चिकन खायची नाहीस. मी दोनदा आग्रह केला, तू फक्त मान हलवलीस. मामांनी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात गेलो तर काउंटरमागे भिंतीवर कागद चिकटवलेला. चिकन हलाल आहे, गोवळकोटहून येतं. तुझ्याच मामूच्या दुकानातून. तू तो कागद वाचलास आणि बराच वेळ खिडकीबाहेर ट्रक बघत बसलीस. त्या दिवशी तू दोन प्लेटी खाल्ल्यास.

आणि ती मार्गारिटा. कडेला मीठ लावलेल्या ग्लासात कोकम सरबत. माझ्या बाबांना कुणीतरी सांगितलं की तुमची मुलगी हॉटेलात बसून मार्गारिटा नावाची दारू पिते. घरी केवढा गोंधळ! तू सायकल मारत आमच्या घरी आलीस आणि बाबांसमोर उभी राहून म्हणालीस, "काका, आमसुलाचा पाणी हाय. मी पिते, रोज्यात सोडून." बाबांना हसू आवरेना. त्यानंतर ते मला कधी काही बोलले नाहीत. तू माझ्याबरोबर आहेस एवढं कळलं की त्यांना पुरायचं.

पण आपलं भांडण होतं ते चटणीवरून. मी म्हणायचे कच्ची कैरी. तू म्हणायचीस करवंदं, हिरवी, कोवळी. मामांना विचारलं की ते म्हणायचे, "त्यात मेक्सिको आहे."

मग तू बाविसाव्या वर्षी लग्न केलंस आणि अश्फाकभाईंबरोबर मस्कतला आलीस. मी डोंबिवलीला गेले. पत्रं, मग काहीच नाही. विनयला इथे कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी रुवीत दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसू लागले, तेव्हा दहा वर्षांपूर्वी एका सकाळी सात-आठ वर्षांची रडणारी मुलगी घेऊन काळ्या अबायातली एक बाई समोर आली. मी नाव विचारायला मान वर केली. तू माझ्याकडे बघितलंस आणि अख्ख्या वेटिंग रूममध्ये ऐकू जाईल असं ओरडलीस, "गो, सुमे! अमिगोवाली!" झोया रडायची थांबली. माझ्या डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. तुझी मिठी इतकी घट्ट होती की माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची क्लिप तुटली.

त्या दिवसापासून मला या देशात घर झालं. तुझ्या मागच्या गल्लीत आम्ही फ्लॅट घेतला. शनिवारी सकाळी मवालेहच्या भाजी मार्केटला जायचं, तू गाडी चालवणार, मी यादी वाचणार. तुला आठवतं, एकदा आपण इथल्या मॉलमधल्या खऱ्याखुऱ्या मेक्सिकन हॉटेलात गेलो? मऊ पोळी, अॅव्होकॅडो, तीन तऱ्हेच्या चटण्या. वेटरनं सांगितलं की शेफ तिकडचाच आहे. तू एक घास खाल्लास, शांतपणे चावलास आणि मला म्हणालीस, "सुमे, हा खोटा हाय." वेटर बिचारा मराठी नव्हता म्हणून बरं. घरी येऊन तू राजमा भिजत घातलास. दुसऱ्या दिवशी आपण मक्याच्या टोप्या तळायला घेतल्या, त्या सगळ्या पापडासारख्या मोडल्या आणि चटणीत मी कैरी घातली म्हणून तू जेवलीच नाहीस.

हे सगळं लिहिताना मला कळतंय की मी त्या शनिवारापासून लांब पळते आहे.

झोया तेव्हा नववीत होती. आपण मार्केटच्या अलीकडच्या आतल्या रस्त्यावर होतो. माझ्या फोनवर आपल्या शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रस्ता रुंद होणार, टायरचं दुकान आणि अमिगो दोन्ही जाणार, महिनाअखेरीस शेवटचं. व्हिडिओत दिनूमामा जिन्यात उभे राहून हात हलवत होते. मी म्हणाले, "नफिसा, बघ, बघ ना, मामा!" आणि फोन तुझ्या तोंडासमोर धरला. तू म्हणालीस, "थांब गो, नंतर." मी म्हणाले, "एक सेकंद." तू मान वळवलीस.

सायकलवरचा माणूस मला दिसला तेव्हा तो हवेत होता.

जमाल त्याचं नाव. बांगलादेशचा, बागकाम करणारा. तू गाडीतून उतरून धावलीस. मी नाही धावले, मी गाडीचं दार धरून उभी राहिले. तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस, त्याच्या पायाकडे बघू दिलं नाहीस आणि हिंदीत त्याच्याशी बोलत राहिलीस, घरी कोण आहे, मुलं किती, नावं काय. तो नावं सांगत होता. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यानं चार मुलांची नावं सांगितली.

पोलिस ठाण्याच्या बाकावर तू माझा हात धरलास. तुझ्या बाहीवर त्याचं रक्त वाळलं होतं. तू हळूच म्हणालीस, "फोनचा काय बोलू नको."

"का?"

"दोघींना अडकवतील. चार दिवसांनी तुझं तिकीट हाय. आईचा ऑपरेशन हाय ना? तू जा. एक अडकली तेवढी बस्स."

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. निदान एकदा. मला आत जो सुटल्यासारखा श्वास आला, तो मला आजही आठवतो आणि त्याची लाज वाटते. मला आत बोलावून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मी खिडकीबाहेर बघत होते, मला काही दिसलं नाही. मला कायदा काही माहीत नव्हता. शेजारी बसलेल्या बाईला खरंच कुणी अडकवलं असतं का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही. विचारायचीही भीती वाटत होती. अडकवलं नसतं असं कुणी म्हणालं असतं तर?

तुझा पासपोर्ट ठेवून घेतला. केस संपेपर्यंत देश सोडता येणार नाही. चौथ्या दिवशी तू मला विमानतळावर सोडायला आलीस, अश्फाकभाई गाडी चालवत होते. तू म्हणालीस, "अमिगोत जाऊन ये. माझ्या वाटचा पण खा."

आईचं ऑपरेशन नीट झालं. आणि मी अमिगोत गेले. शेवटच्या रविवारी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, आधीच बंद झालं होतं गं, कुलूप होतं. तू इथे कोंडलेली आणि मी तिथे बसून खाल्लं, हे माझ्या तोंडातून निघेना. तू म्हणालीस, "बरा झाला. तुझ्या एकटीच्या घशाखाली उतरला नसता."

उतरला, नफिसा. मी दोन प्लेटी खाल्ल्या. दिनूमामा थकलेत, हात कापतात, पण टोपी त्यांनी स्वतः तळली. तुझी विचारपूस केली. मी त्यांना सांगितलं की तुला सुट्टी मिळाली नाही. निघताना मी चटणीचं विचारलं. म्हणाले, आता काय लपवायचं. करवंदं होती. हिरवी. मेमध्ये परशुरामच्या डोंगरावरून पोती भरून आणायचे आणि मिठात घालून वर्षभर ठेवायचे. कैरी कधीच नव्हती. पंचवीस वर्षं तू बरोबर होतीस आणि ते मी तुला सांगू शकले नाही, कारण ते सांगायला आधी खोटं मोडावं लागलं असतं. त्यानंतरही आपण भांडत राहिलो. "करवंदाचाच होता," तू म्हणायचीस. "कैरीच," मी म्हणायचे. 

वाटलं होतं दोन महिन्यांत सुटशील. चौदा गेले. जमालच्या पायाची दुसरी शस्त्रक्रिया झाली, तारखा पुढे गेल्या. तू दर आठवड्याला त्याच्याकडे डबा घेऊन जायचीस. तो तुला आपा म्हणू लागला. त्याचा जबाब झाला, कंपनीनं त्याला घरी पाठवलं, निघताना त्यानं तुला फोन करून सांगितलं, "आपा, मैं जा रहा हूँ." ज्याचा पाय मोडला तो आपल्या चार मुलांकडे गेला. तुझे कागद मात्र या टेबलावरून त्या टेबलावर. दर वेळी तेच उत्तर. बुकरा, इन्शाल्ला. उद्या. तू उद्याला एवढी कंटाळलीस की घरात कुणी ‘उद्या’ म्हटलं तरी ओरडायचीस.

सातव्या महिन्यात तुझी अम्मा गेली. गोवळकोटला, दुपारी. तुझ्या भावानं व्हिडिओ लावला, तू सोफ्यावर फोन दोन्ही हातांत धरून बसलीस. तिला बाहेर काढलं तेव्हा तुझा भाऊ फोन घेऊन मागे चालू लागला, चित्र हललं, खाडी दिसली, नारळ दिसले, मग चित्र थांबलं. नेटवर्क गेलं. तू तसाच फोन धरून बसलीस. मी शेजारी होते. मी म्हणाले, "नफिसा, माझ्यामुळे हे..." तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू फोन धरलास. मान मी वळवली. मान माझी होती, सुमे." आणि मग म्हणालीस, "परत हा विषय काढू नको. मना जड होतो."

मी परत काढला नाही. तू मला माफ केलंस आणि मी ते घेऊन टाकलं. इतकं सोपं करून दिलंस तू.

पण झोयाला कुणी काय सांगितलं होतं? रस्त्यावर कुणीतरी आपल्या गाडीत फोन पाहिला होता, ती गोष्ट फिरत फिरत शाळेत पोचली आणि कुणीतरी तिला म्हणालं, तुझी आई गाडी चालवताना फोन बघत होती. ती घरी येऊन तुझ्यावर ओरडली, माझ्यासमोर. "यू टेल मी एव्हरी डे! रोज सांगतेस रस्त्यात फोन नको, आणि तू? त्या माणसाचा पाय गेला!" तू कांदा चिरत होतीस. चिरत राहिलीस. एवढंच म्हणालीस, "चुकी झाली, बाळा." मी टेबलाशी बसले होते, नफिसा. समोर वाटाणे सोलत. मी एक शब्द बोलले नाही. तूही माझ्याकडे बघितलं नाहीस, बघितलं असतंस तर कदाचित बोलले असते, असं मी स्वतःला समजावते. त्यानंतर ती तुझ्या गाडीत बसायची बंद झाली. जेवताना पुस्तक उघडून बसायची. अडीच वर्षं ती तुझ्याशी कामापुरतं बोलली.

आणि केस संपली, पासपोर्ट हातात आला, तेव्हा तू गेली नाहीस. आम्हाला वाटलं होतं तू पहिल्या विमानानं जाशील. अश्फाकभाई तिकीट काढायला निघाले, तर म्हणालीस, "राहू दे. आता कोणाकडं जाऊ? अम्मा नाय, अमिगो नाय. तिथं पण रस्ताच हाय आता." मी म्हणाले, मी येते बरोबर. तू म्हणालीस, पुढच्या वर्षी. दार उघडलं तरी तू आतच बसून राहिलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. मला तू जायला हवी होतीस. तू गेली असतीस, तर मीही सुटले असते.

मग त्या मंगळवारी सकाळी तू धुतलेले कपडे वाळत घालताना पडलीस. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दोन दिवस. मी काचेतून बघितलं. तुझ्या डोक्याशी नळ्या होत्या आणि तुझ्या पायाचा अंगठा चादरीबाहेर होता, त्यावर मेंदीचा जुना तांबूस डाग. एवढंच.

तू गेल्यावर नवव्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. झोया तुझं कपाट आवरत होती. तिच्या मांडीवर तुझ्या ओढण्या. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमाखाला, यू वेअर देअर. तू होतीस ना गाडीत?"

"हो."

"अम्मी फोनवर काय बघत होती? इतकं इम्पॉर्टंट काय होतं? मला कोणी सांगत नाही."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मला वाटलं होतं सांगायला वेळ लागेल. एक वाक्य पुरलं. "अम्मीच्या हातात फोन नव्हता, झोया. माझ्या हातात होता. मी तिच्या तोंडासमोर धरला. ती ‘नंतर’ म्हणाली, मी ऐकलं नाही."

तिनं हातातली ओढणी बाजूला ठेवली. मग तिनं विचारलं, "अब्बांना माहीत आहे?"

"नाही."

"अम्मीनं का नाही सांगितलं मला?"

"माझ्यासाठी. माझ्या आईचं ऑपरेशन होतं. नंतर मीच बोलले नाही."

"पण मी तिला..." तिला मराठी शब्द सापडेना आणि इंग्रजीही सापडेना. "दोन वर्ष, सुमाखाला. टू अँड अ हाफ इयर्स. मी तिच्याशी नीट बोलले नाही. तू रोज इथं यायचीस. तू बघत होतीस."

"हो."

"जस्ट गो," ती म्हणाली. "जा इथून. आणि अब्बांना तूच सांग. मी नाही सांगणार."

मी सरळ टॅक्सी करून रुवीला गेले, कारण दुसऱ्या दिवशी माझा धीर झाला नसता हे मला ठाऊक होतं. अश्फाकभाई त्यांच्या दुकानात गाड्यांच्या पार्ट्सची खोकी उघडत होते. मला बघून खुर्ची पुसली, म्हणाले, "बसा भाभी." मी उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, निघून जा म्हणतील. मी तयारीनं गेले होते. ते खोक्यावर बसले. हातातला कटर खाली ठेवला. मग म्हणाले, "भाभी, मी तिला किती बोललो. चौदा महिने. तुझ्या एका चुकीनं घर अडकलं म्हणालो. तुझी अम्मा गेली त्या दिवशीसुद्धा, रात्री, मी म्हणालो, स्वतःच्या हातानं केलंस. ती काही बोलली नाही. मला वाटायचं तिला माझं पटतं."

आणि तो उंच, दाढीवाला माणूस दुकानात गिऱ्हाईक उभं असताना तोंडावर हात घेऊन रडला.

मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळी होईन. तुला खरं सांगते, तसं काही झालं नाही. मी माझ्या अंगावरचं काढलं आणि त्या दोघांच्या अंगावर टाकलं. आता तुझं घर त्यानं वाकलंय. तू हे आधीच ओळखलं होतंस का? म्हणून गप्प होतीस? की तू मला वाचवत होतीस आणि बाकी कशाचा विचारच केला नव्हतास? हे भांडण मला तुझ्याशी करायचंय. तू मला वाचवलंस, चांगलं केलंस, पण तुझ्या पोरीपासून तू तिची आई हिरावून घेऊ दिलीस. मी गुन्हेगार आहे, कबूल. पण तूही एकदा तोंड उघडायला हवं होतंस, नफिसा. ये आणि मला उलट उत्तर दे.

विनयचं कंत्राट संपतंय. मार्चमध्ये आमचं कायमचं परत जायचं ठरलं होतं, तुला माहीतच आहे, तूच खोकी जमवून ठेवली होतीस माझ्यासाठी. ती तशीच आमच्या हॉलमध्ये उभी आहेत. मी विनयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू काय ठरवतेस?" मी म्हणाले, झोयाची बारावीची परीक्षा होईपर्यंत मी थांबते. विनय म्हणाला, "ती तोंड बघत नाही तुझं." मी म्हणाले, तरी. विनय म्हणाला, "बरं, मग मीही मुदत वाढवून मागतो." मला त्या क्षणी तू आठवलीस. एवढ्या माणसांनी माझ्यासाठी थांबावं, असं मी काय केलंय?

आता रोज दुपारी दवाखान्यातून सुटले की मी तुझ्या दाराशी डबा घेऊन जाते. पहिले दोन दिवस तिनं दार उघडलंच नाही, डबा पायपुसण्यावर ठेवून आले. तिसऱ्या दिवशी रिकामा डबा बाहेर होता, न धुतलेला. मग ती दार उघडू लागली, डबा घ्यायची, दार लावायची. बोलणं नाही. मी जिन्यात दोन मिनिटं उभी राहायचे आणि खाली यायचे. मला तिच्याकडून काही नको आहे, हे मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं.

काल ती डबा घेऊन थांबली. झाकण उघडून बघितलं. डाळ, भात, भेंडी.

"भात नको उद्या," ती म्हणाली. "भाकरी पाहिजे. तांदळाची. अम्मी करायची ती."

मी तिला खरं तेच सांगितलं. "मला तुझ्या अम्मीसारखी येत नाही गं. माझी चिरते. तिनं मला दोनदा दाखवली, मी लक्ष दिलं नाही. ती करायचीच, मग मी कशाला शिकू, असं वाटायचं."

झोयानं माझ्याकडे बघितलं. तुझे डोळे नाहीत तिचे, अश्फाकभाईंचे आहेत, पण ती भुवई तुझी.

"मग आता शिक," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आज सकाळपासून पाच झाल्या. पाण्याला उकळी आल्यावर पीठ घालायचं इतकं आठवतं, पुढे तू झाकण किती वेळ ठेवायचीस ते आठवत नाही. चार चिरल्या. पाचवी कडेला थोडी. आता सहावी थापते आहे.